आश्लेषात तार सोडायची

गच्चीवरच्या बोन्सायचं माझं पंचांग माहेरून आलंय. वडिलांची गारगोटीकडं भातशेती. आमच्या घरात मे, जून हे महिने शाळेच्या दाखल्यापुरते. बाकी सगळा कारभार पावसाच्या नक्षत्रांवर, रोहिणी, मृग, आर्द्रा, तरणा (म्हणजे पुनर्वसू), म्हातारा (पुष्य) असा चालायचा. रोहिणीत धूळवाफेवर भात पेरलं की वडील आभाळाकडं बघत बसायचे. लग्न होऊन मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत आले आणि नक्षत्रं विसरले. ती परत आठवली एका वडामुळं.

२००३ साली मागची जुनी भिंत पाडताना विटांच्या फटीत हा वड सापडला. उंची वीतभर, पण बुंधा अंगठ्याएवढा. भिंतीनं त्याला बरीच वर्षं अर्धपोटी ठेवलेलं. गवंडी तो फेकून देणार होता, मी काढून घेतला. तेव्हा बोन्साय म्हणजे काय हे फक्त चित्रात बघितलेलं. मग एक पुस्तक आणलं. त्यात लिहिलं होतं, कळ्या फुटण्याआधी, फेब्रुवारी-मार्चमध्ये मुळं छाटून कुंडी बदला. मी इमानदारीत फेब्रुवारीत मुळं छाटली. मुळं सावरायच्या आत मार्च तापला, एप्रिलमध्ये गच्चीवर पाय ठेववत नव्हता, आणि वडाची डावी फांदी वाळून गेली. ती जागा अजून मोकळी आहे. पुस्तक चुकीचं नव्हतं. ते बर्फात झोपणाऱ्या झाडांचं होतं. आमचा वड झोपत नाही, तो पावसाची वाट बघतो.

आज २३ झाडं आहेत. वड, पिंपळ, उंबर, दोन चिंचा, करवंद, कामिनी, बोगनवेल, जेड आणि इतर.

रोहिणी लागली की पहिलं काम वडाची पानं काढणं. वडाचं पान मोठं, दीड फुटाच्या झाडावर ते तळहाताएवढं दिसतं, म्हणजे बाळानं आजोबांचा फेटा घातल्यासारखं. म्हणून सगळी पानं कात्रीनं कापायची, देठ मात्र अर्धं ठेवायचं, कारण देठाच्या बगलेत पुढचा डोळा असतो. चीक भळाभळा गळतो. माझ्या दोन साड्या त्यात गेल्या, आता जुना गाऊन ठरलेला आहे. तीनेक आठवड्यांत नवी पानं येतात, आधीपेक्षा लहान. पण हे फक्त ठणठणीत झाडाला. आणि ज्याची पानं काढली, त्याची कुंडी त्या वर्षी बदलायची नाही. दोन्ही धक्के एकदम दिले तर झाडानं करावं काय?

कुंडी बदलायची ती मृगात. वळवाचे दोन-चार पाऊस पडून गेलेले असतात, हवेत ओल असते, ऊन मवाळ झालेलं असतं. जपानी लोक अकादामा नावाची भाजकी दिसणारी माती वापरतात. इथं ती मागवायची म्हणजे झाडापेक्षा माती महाग. आपल्याकडं पंचगंगेकाठी वीटभट्ट्या आहेत, तिथं फुटक्या विटा मिळतात. त्या कुटायच्या आणि चाळायच्या. ज्वारीच्या दाण्यापेक्षा बारीक ते टाकायचं, हरभऱ्यापेक्षा मोठं ते परत कुटायचं. त्यात जांभ्याची बारीक खडी आणि मुरलेलं शेणखत. काळी माती चिमूटभरसुद्धा नाही. उसाला ती सोनं असेल, उथळ कुंडीत मात्र पावसाळ्यात तिचा चिखल होतो आणि मुळं गुदमरतात. कुंडीच्या भोकावर डासांच्या जाळीचा तुकडा ठेवते. मुळांचा साधारण तिसरा हिस्सा छाटते. शेवटी बांबूच्या काडीनं माती मुळांत ठासून बसवते, पोकळी राहिली की तिथलं मूळ मेलंच म्हणून समजा.

ह्याच दिवसांत वटपौर्णिमा येते. शेजारच्या आक्का मला वीस वर्षं सांगतायत, "वड घरात ठिवू नये गं, बरं न्हाई." आणि एका ज्येष्ठात धो-धो पाऊस लागला, कोपऱ्यावरच्या वडाखाली गुडघाभर पाणी, तेव्हा ह्याच आक्का ताट घेऊन माझ्या जिन्यात हजर! मागं गल्लीतल्या पाचजणी. दीड फुटी वडाला प्रदक्षिणा घालता येईना, कुंडी भिंतीला लागून होती. शेवटी मी कुंडी उचलून गच्चीच्या मध्ये ठेवली आणि सगळ्याजणी छत्र्या घेऊन तिच्याभोवती फिरल्या. सूत मात्र मी संध्याकाळी कापून काढलं. आक्कांना अजून सांगितलेलं नाही.

आर्द्रात तार. फांदीला हवं ते वळण द्यायला ती तिच्याभोवती गुंडाळायची. बाजारात बोन्सायची म्हणून अॅल्युमिनियमची तार मिळते, पण आमच्या घरचं उद्यमनगरात मोटर वाइंडिंगचं दुकान आहे, मग मी तार विकत कशाला घेऊ? जळक्या मोटरींतून निघालेलं तांबं गच्चीवर शेणींच्या आरात टाकायचं, लालसर झालं की बाहेर काढायचं. वरचं वार्निश जळताना घाण वास सुटतो, त्यामुळं वाऱ्याची दिशा बघावी लागते. भाजलेलं तांबं लोण्यासारखं वाकतं आणि एकदा वाकवलं की कडक होतं. फांदीला हवं तेच.

ही तार आश्लेषात, म्हणजे ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सोडायची. पावसात फांद्या इतक्या भराभर जाड होतात की आठ आठवड्यांपुढं तार सालीत रुतते. हे मला माहीत होतं. २०१९ च्या जुलैत मी लेकीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेले आणि आश्लेषा लागली की परत यायचं ठरवलं होतं. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ महामार्गावर पाणी, वाहतूक बंद. मी पुण्यात टीव्हीसमोर. घरचे उंचावर, सुखरूप होते. बाहेर लोकांच्या चुली वाहून गेलेल्या असताना फोनवर उंबराच्या तारेचं विचारायची मला लाज वाटली, म्हणून विचारलंच नाही. ऑगस्टच्या मध्यावर आले तर गच्चीवर जंगल माजलेलं आणि उंबराच्या तीन फांद्यांत तार दिसेनाशी झालेली. सालीनं ती गिळली होती. वळ आजही आहेत, मळसूत्रासारखे. लोक विचारतात, ही नक्षी कशी केली?

बाकी पावसाळ्यात खुडणं सोडून मी फार काही करत नाही. कोवळी फूट पाच-सहा पानांची झाली की दोन पानांवर आणायची, दर आठवड्याला. झड लागली की कुंडीच्या एका बाजूखाली दगड सारून ती तिरकी करायची, जास्तीचं पाणी निघून जातं. जेड आणि बोगनवेल पत्र्याखाली. गोगलगाई रात्री टॉर्च घेऊन वेचायच्या. पेंडीचं खत उघडीप मिळाली तरच, नाहीतर ते थेट पन्हाळीतून गटारात. वडाला तरण्या पावसात पारंब्या फुटतात, दोऱ्याएवढ्या. त्या उन्हाची तिरीप लागली की सुकतात. म्हणून ज्यूसची नळी उभी चिरून पारंबीला घालते, आत ओला मातीचा चुरा, खालचं टोक कुंडीत. गेल्या पावसाळ्यात दोन पारंब्या अशा जमिनीला टेकल्या. वाळलेल्या डाव्या फांदीच्या बाजूला एकही फुटत नाही. नेमकी तिथंच हवी होती.

काल आश्लेषा लागली आणि पिंपळाची, चिंचेची सगळी तार काढली. उलगडायची नाही, कटरनं वळणावळणावर तुकडे करायचे, नाहीतर उलगडताना फांदी मोडते. संध्याकाळी दुकानातून आलेल्या ह्यांनी तुकड्यांचा डबा बघितला. "अगं, उलगडून काढली असतीस तर परत वापरता आली असती की." मी काही बोलले नाही. त्यांनी डबा भंगाराच्या काट्यावर ठेवला. साडेसहाशे ग्रॅम. जूनमध्ये सातशे नेलं होतं, हे त्यांच्या वहीत लिहिलेलं आहे. उरलेले पन्नास ग्रॅम उंबराच्या पोटात आहेत, असं मी त्यांना सांगितलं.