हक्क हलाल कर: इस्तंबूलमधली बरातची रात

आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर एक वयस्क बाई राहतात, सगळे त्यांना तेयझे म्हणतात, तेयझे म्हणजे मावशी. २०२४ च्या फेब्रुवारीतली गोष्ट, २४ तारीख, शनिवार. दुपारी बेल वाजली, दार उघडलं तर तेयझे, हातात ताटली आणि ताटलीत तीळ लावलेली छोटी छोटी कुरकुरीत कडी. याला कांदिल सिमिदी म्हणतात, यात माहलेप म्हणजे एका जातीच्या चेरीच्या बीची पूड घालतात, तिचा वास फार सुंदर येतो. 'कांदिलिनिझ मुबारेक ओल्सुन' म्हणाल्या, म्हणजे कांदिलची रात्र मुबारक, ते मला कळलं. पण नंतर माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, 'हाक्कनी हेलाल एत, कझम.' कझम म्हणजे माझ्या लेकी. बाकीचं काय ते डोक्यात शिरायला मला मिनिटभर लागलं.

हक्क. हलाल. दोन्ही शब्द आपलेच की! म्हणजे तुझा जो काही हक्क माझ्याकडे राहिला असेल, माझ्याकडून तुला काही त्रास झाला असेल, तो मला सोड, माफ कर. त्यांचा टीव्ही रात्री मोठ्याने चालतो, कानाला कमी ऐकू येतं, त्याबद्दल त्या माफी मागायला आल्या होत्या. वय असेल पंचाहत्तर-ऐंशी आणि मी त्यांच्या नातीच्या वयाची. यावर 'हेलाल ओल्सुन', म्हणजे हलाल असो, म्हणायचं असतं हे मला तेव्हा माहीत नव्हतं, मी नुसती मान हलवत राहिले आणि डोळे भरून आले.

जे मुस्लिम नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. शाबान महिन्याच्या पंधराव्या रात्रीला आपल्याकडे शब-ए-बरात म्हणतात. शब म्हणजे रात्र, आणि बरात म्हणजे सुटका, गुन्ह्यातून मोकळीक, लग्नाच्या वरातीशी याचा काही संबंध नाही. रमजान पंधरा दिवसांवर आलेला असतो. तुर्की लोक याला बेरात कांदिली म्हणतात. वर्षात अशा पाच रात्री ते पाळतात आणि सगळ्यांना कांदिल हाच शब्द, कारण सुलतान दुसरा सलीम याच्या काळापासून (१५६६ ते १५७४) या रात्री मिनारांवर दिवे लावायची पद्धत पडली असं मानतात. आपला आकाशकंदीलातला कंदील तो हाच! दिवाळीत रत्नागिरीला शेजाऱ्यांच्या ओटीवर लागायचा तोच शब्द इथे मशिदीच्या मिनारावर भेटला.

आम्ही कोकणातले. बरात म्हणजे आमच्या घरी सकाळपासून चण्याच्या डाळीचा हलवा, आई कढईजवळून हलायची नाही, मग फातेहा म्हणजे गेलेल्यांच्या नावाने कुराणातलं वाचन, मग शेजारीपाजारी ताटं. मगरीब म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजनंतर तीन वेळा कुराणातली यासीन सूरा वाचायची, एक लांब आयुष्यासाठी, एक बला टळावी म्हणून, एक कुणापुढे हात पसरायला लागू नये म्हणून. मग पुरुष मशिदीत आणि तिथून कबरस्तानात जायचे, आम्ही बायका घरी मुसल्यावर, म्हणजे नमाजच्या चटईवर. मशिदीतला लाउडस्पीकर ऐकत रात्र जागायची. काही लोक म्हणतात हे सगळं नंतर आलेलं आहे, या रात्रीला असं काही खास करायला सांगितलेलं नाही, सौदीत तर पाळतही नाहीत. वाद जुना आहे, त्यात मी पडत नाही. माझ्यासाठी ही रात्र लहानपणापासून खरी आहे.

तर त्या शनिवारी तेयझे मला इशाच्या म्हणजे रात्रीच्या नमाजला घेऊन गेल्या, इस्तंबूलच्या उस्कुदार भागातल्या धक्क्यासमोरच्या मिहरिमाह सुलतान मशिदीत, उस्मानी वास्तुकार सिनानने १५४८ साली बांधून पुरी केलेली. थंडी मरणाची, बॉस्फरसवरून वारा. बायकांच्या जागेत खांद्याला खांदा लागेल इतकी गर्दी, म्हाताऱ्या, कॉलेजच्या मुली, एक बाई तर दूधपितं बाळ घेऊन. बरातच्या रात्री मशिदीत उभं राहून नमाज पढायची माझी आयुष्यातली पहिलीच वेळ. नमाजनंतर मेवलित, म्हणजे आपला मौलूदच, पैगंबरांच्या जन्माचं काव्य, चाल वेगळी पण ऐकता ऐकता मी घरी पोचले. दुआ सुरू झाली तेव्हा शेजारची अनोळखी बाई हुंदके देत आमीन म्हणत होती आणि कुणी वळून बघत नव्हतं. बाहेर आलो तर कोणीतरी लोकुम नावाची तुर्की मिठाई वाटत होतं.

येताना तेयझेंनी मला एक गोष्ट समजावली, अर्धी तुर्कीत, अर्धी हातवाऱ्यांनी. अल्लाहचा जो हक्क आहे तो अल्लाह माफ करेल, पण माणसाचा हक्क, त्याला त्या कुल हाक्क म्हणतात, तो ज्याचा त्यानेच सोडायचा, रात्रभर रडलं तरी त्याच्या दारात जावंच लागतं. हे मी लहानपणी मदरशात शिकलेच होते, हुकूकुल इबाद. शिकले होते, केलं नव्हतं.

कारण माझं एक दार होतं. २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत बाबा गेले, आम्ही तेव्हा कुवेतला होतो, विमानं बंद. आपा एकटी होती, मोठी बहीण माझी. बेड, ऑक्सिजन सगळं तिने एकटीने धावून बघितलं. आणि दफन झालं त्या रात्री मी फोनवर तिला म्हटलं की वेळेवर नेलं असतं तर बाबा वाचले असते. हे मी बोलले, तोंडातून गेलं. त्यानंतर आम्ही बोलायचो, पण ईद मुबारक आणि आईची शुगर किती एवढंच.

रविवारी माझा बरातच्या दुसऱ्या दिवशीचा रोजा होता. तेयझे नवऱ्याच्या कबरीवर निघाल्या, मीही गेले, काराजाअहमेत कबरस्तान, प्रचंड मोठं, सरूची उंच झाडं, आणि बायका! कबरींवर पाणी घालताहेत, गवत काढताहेत, बाजूला बसून यासीन वाचताहेत. कबरीच्या संगमरवरात पाखरांना पाणी प्यायला छोटी वाटी कोरलेली असते. तेयझेंनी ती बाटलीतल्या पाण्याने भरली आणि दगड पुसला. २०२२ ला मी गावी गेले तेव्हा बाबांसाठी फातेहा फाटकाबाहेर उभी राहून वाचली होती, कबर कुठली ते भाच्याने बोटाने दाखवलं होतं. तेयझेंच्या शेजारी उभी राहून मला तो दिवस आठवला आणि बाबांच्या आधी आपा आठवली.

इथे तारीख गणिताने आधीच ठरते, दियानेत या सरकारी धर्मखात्याच्या कॅलेंडरवर, आपल्याकडे चंद्र बघून, त्यामुळे त्या वर्षी भारतात बरात २५ ला होती. म्हणजे माझी रात्र होऊन गेली होती, आपाची आज होती. संध्याकाळी साडेपाचला फोन लावला, तिकडे आठ वाजलेले. मी सलाम करून लगेच बोलून टाकलं, थांबले असते तर राहिलं असतं. म्हटलं आपा, त्या रात्री मी जे बोलले ते चूक होतं, तू होतीस म्हणून बाबा एकटे नव्हते, तुझा हक्क माझ्यावर आहे, तो मला हलाल कर.

बराच वेळ फक्त कढईत उलथणं फिरल्याचा आवाज. मग म्हणाली, 'केला. मी पण म्हटलेलं ना तुला, पैसे पाठवलेस म्हणजे झालं का, ते तू सोड.' मी सोडलं. मग दोघी रडलो, मग ती म्हणाली हलवा लागतोय, ठेव.

तासाभराने भाच्याने कबरस्तानातून फोटो पाठवला, बाबांच्या कबरीवर लावलेलं सब्जाचं झाड चांगलं वाढलंय, उशाला अगरबत्त्या, मागे टॉर्च घेऊन उभी माणसं.

आपाचा रोजा सोमवारी होता. मी म्हटलं मी पण धरते तुझ्याबरोबर. पहाटे तिने सेहरीला, म्हणजे रोजाआधीच्या जेवणाला, उठवायला फोन केला, तिकडे पाच वाजलेले, इकडे अडीच. मला अजून साडेतीन तास वेळ होता, पण मी उठले, बत्ती लावली, उरलेली सिमिदी काढली आणि ती तिकडे जेवत होती तोवर फोन चालू ठेवून इकडे बसले.