बहुतेक?

ऑपरेशन संपत आलेलं, पोट बंद करायची वेळ. सिस्टरनी मॉपचा, म्हणजे पोटात रक्त टिपायला ठेवलेल्या कापडांचा, आकडा विचारला. नव्या बॅचचा, पहिल्याच आठवड्यातला रेसिडेंट डॉक्टर म्हणाला, "बहुतेक बरोबर आहेत."

"बहुतेक म्हणजे किती?" सिस्टरचा आवाज शांत होता, पण सुईधारक तिथंच थांबला.

मोजणी सुरुवातीला होते, पोट बंद करण्याआधी होते आणि त्वचेच्या टाक्यांआधी पुन्हा. दोघांनी मिळून, मोठ्यानं, एकेक मॉप सुटा करून. गठ्ठा मोजला की रक्तानं चिकटलेले दोन मॉप एकच वाटतात. पाचाच्या पाकिटात चार निघाले तर ते पाकीटच बाजूला ठेवायचं. आणि मॉप कापायचा नाही, कधीच.

भिजलेला मॉप आतड्यांच्या वेटोळ्यांत आतड्यासारखाच दिसतो, हे पुस्तकात वाचून पटत नाही. म्हणून त्याच्या शेपटीला, म्हणजे कोपऱ्याला शिवलेल्या फितीला, आर्टरी फोरसेप्स (चिमटा) लावून ती बाहेर लोंबती ठेवतात.

एक कमी भरला तर? टाके थांबवायचे, भूलतज्ज्ञांना सांगायचं, पोटात चारही कोपऱ्यांत पुन्हा हात फिरवायचा. मग ड्रेपच्या (पेशंटवर अंथरलेल्या कापडांच्या) घड्या, बादली, बुटांखाली. तरीही नाही मिळाला तर टेबलावरच एक्स-रे. मॉपमधला एक्स-रेत दिसणारा धागा त्यासाठीच असतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2009 च्या सुरक्षित शस्त्रक्रियेच्या चेकलिस्टमध्ये 19 मुद्दे आहेत, मोजणी त्यातलाच एक. तिथं खूण करायला दोन सेकंद पुरतात.

पण आकडा चुकलाय हे कोपऱ्यात उभ्या इंटर्नच्याच लक्षात आलं, तर तो बोलेल का?