मस्टरमधला ‘कारण’चा रकाना

आमची डाळमिल जळगाव एमआयडीसीत. नानांनी ती सुरू केली तेव्हापासून मुनीमकाका हजेरीच्या मस्टरमध्ये एक जादा रकाना आखायचे: कारण. कायद्याला तो लागत नाही. पण मिलची वाटचाल सांगायची तर ताळेबंदाच्या आधी मी तीच पानं उघडतो.

जुन्या मस्टरमध्ये बघाल तिथे ‘ताप’. जूनमध्ये पहिला पाऊस झाला की भावाकरवी निरोप यायचा, “शेठ, माले ताप येल शे.” मुनीमकाका ‘ताप’ लिहून कंसात ‘पेरणी’ लिहीत. दिवाळीच्या आसपासचा ताप कापूस वेचणीचा. बाकीचे खाडे पंचांग बघूनच कळायचे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, निवडणीच्या बाया माहेरी. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसली की सोमवारी विसर्जन आणि रोटाच्या प्रसादाला सगळी भाऊबंदकी. होळीच्या आधी आदिवासींचा भोंगऱ्या बाजार भरला की चोपडा-यावलकडचे पावरा हमाल गावी जात, आणि नव्या तुरीची आवक जोरात असायची तीही तेव्हाच. नाना चिडत. पण चिडून गोणी उतरत नाही.

पुढे रंगावरून खराब दाणे वेगळे काढणारं सॉर्टेक्स मशीन आलं, निवडणीच्या बाया कमी झाल्या. माणसं थोडी राहिली आणि एकेक खाडा महाग झाला. पूर्वी दोघी आल्या नाहीत तरी काम चालायचं; आता सॉर्टेक्सवरचा एक पोरगा आला नाही तर पुढचं पॅकिंग ठप्प.

कारणंही बदलली. ‘पेरणी’ क्वचित दिसते. कुणी शेत बटाईनं दिलं, कुणी विकलं. आता लिहिलेलं असतं: पोराची सीईटी, आधारला मोबाईल लिंक, बापाची शुगर तपासणी. २०२४ च्या जुलैत लाडकी बहीणच्या अर्जासाठी पॅकिंगच्या बाया आळीपाळीनं रांगेत होत्या. ही कारणं खरी असतात, कंस लागत नाही. फक्त पंचांगात सापडत नाहीत.

सॉर्टेक्सवाल्या पोराच्या आईचं डायलिसिस चालू आहे. ईएसआय या कामगार विमा योजनेमुळे तिचे उपचार होतात. पण आजारपणात मिळणारी ७० टक्के मजुरी कामगाराच्या स्वतःच्या आजारापुरती. आईला दवाखान्यात नेलं तर मुलाचा दिवस बुडतो. म्हणून आम्ही अर्ध्या दिवसाची भरपगारी रजा सुरू केली. दवाखाना असो की सेतू केंद्र, बरंच काम दुपारपर्यंत उरकतं. पूर्वी त्यासाठी अख्खा दिवस खाडा पडायचा. आणि सॉर्टेक्स चालवायला पॅकिंगमधल्या एका ताईंनाही शिकवलं. मशीनवर दाण्याचा रंग सेट करण्यात त्यांची नजर त्या पोरापेक्षा पक्की निघाली.

भोंगऱ्याला मात्र इलाज नाही. त्या आठवड्यात मी गाड्या मागवतच नाही, चाळण्या-पट्टे दुरुस्तीला काढतो.