लाकडाच्या कलाने: वुडकट शिकतानाचा माझा अनुभव

चित्रं काढणाऱ्याचा हात पांढऱ्यावर काळं करायला सरावलेला असतो. वुडकटमध्ये, म्हणजे लाकडाची फळी कोरून तिच्यावरून चित्र छापण्यात, सगळं उलट. जिथलं लाकूड कोरून काढलं ती जागा कागदावर कोरी राहते, आणि ज्याला हात लावला नाही ते शाई घेतं. म्हणजे एक बारीक काळी रेघ हवी, तर तिच्या दोन्ही बाजूंचं लाकूड काढावं लागतं. हे समजलं लगेच, अंगवळणी पडायला मात्र वेळ लागला. फळीला आधी पातळ काळी शाई फासून ठेवायला लागलो, तेव्हा पुष्कळ सोपं झालं. कोरलं की खालचं फिकट लाकूड उघडं पडतं आणि छाप कशी येईल याचा अंदाज तिथल्या तिथे येतो. चित्र आरशातल्यासारखं उलटं छापलं जातं, त्यामुळे ते ट्रेसिंग पेपरवर काढून, कागद पालथा घालून फळीवर गिरवायचं.

खरा अभ्यास आहे तो लाकडाचा. वुडकटची फळी उभ्या तंतूंची असते, म्हणजे तंतू फळीच्या लांबीच्या दिशेनं जातात. तंतूंच्या दिशेनं कोरणी सरसर जाते. आडवी घातली की कडा फाटते, आणि प्लायवूड असेल तर वरच्या थराचा कपचाच उडतो. म्हणून रेघेची कड आधी सुरीनं कापून घ्यायची. सुरी अशी तिरपी धरायची, की रेघ वर अरुंद आणि तळाशी रुंद राहील. सरळ उभी कापलेली बारीक रेघ रोलरच्या दाबाखाली मोडते. मग समोरच्या बाजूनं उलटा तिरपा काप दिला की मधली ढलपी अलगद उचलून येते. हे जमलं तेव्हा मला फार आनंद झाला. वळणावर मनगट न पिळता फळीच फिरवायची. आणि डावा हात नेहमी पात्याच्या मागे, याला अपवाद नाही.

धार लावणं हे कंटाळवाणं काम नाही, अर्धं कोरणं तिथेच होतं. बोथट कोरणीला जोर लावावा लागतो आणि जोर लावला की ती सटकते. मी तर दर थोड्या वेळानं हत्यार चामड्याच्या पट्टीवर ओढून घेतो.

होकुसाई या जपानी चित्रकाराची ती प्रसिद्ध लाट, साधारण १८३१ची, लाकडी ठशांवरूनच छापलेली. जपानच्या त्या परंपरेत चित्रकार, कोरणारा आणि छापणारा ही वेगवेगळी माणसं असत. शिकताना या तिन्ही भूमिका आपल्याच वाट्याला येतात, आणि मला तेच आवडतं.

छापताना काचेवर शाई पसरून रोलर फिरवायचा. शाई योग्य जाडीची झाली की रोलरचा बारीक, एकसारखा चरचर आवाज येतो. तो ऐकायची सवय लावावी. शाई जास्त झाली की बारीक खाचा बुजतात, म्हणून पातळ थर दोन-तीनदा द्यावे. प्रेस नसली तरी अडत नाही. पातळ, चिवट कागद ठेवून मागून बेरननं (हातानं घासायच्या सपाट, गोल गादीनं) किंवा लाकडी चमच्याच्या पाठीनं घासायचं, मध्येच एक कोपरा उचलून बघायचा आणि जिथे फिकट दिसेल तिथे पुन्हा घासायचं.

काळ्या भागात लाकडाचे तंतू उमटले, तर सुरुवातीला वाटतं की छाप नीट आली नाही. नॉर्वेचा चित्रकार एडवर्ड मुंक याची ‘चुंबन’ ही वुडकट पाहिल्यावर माझं मत बदललं. तिथे लाकडाचे तंतू अख्ख्या चित्रभर खेळतात. आता मी मोकळ्या आकाशाच्या जागी फळी तारेच्या ब्रशनं तंतूंच्या दिशेनं घासतो. मऊ भाग झिजतो, कठीण भाग उठून राहतो आणि आकाशात रेघा आपोआप येतात. फळी निवडतानाही हल्ली आधी हेच बघतो, की तंतू कुठून कुठे वाहतात. चित्र त्यानंतर.