अभंगाचं टायमिंग: टाळ जागेवर आले

कालचे चार तास रीपरमध्ये (रेकॉर्डिंग जुळवायचं सॉफ्टवेअर) फक्त टाळ आणि पखवाज जुळवण्यात गेले, आणि पहिलं कडवं आता ऐकवत बसावंसं वाटतंय.

लय ८० बीपीएम (मिनिटाला ८० मात्रा), भजनी ठेका, म्हणजे एक मात्रा ७५० मिलिसेकंदांची. पखवाज आधी वाजवून घेतला होता, टाळ नंतर हेडफोन लावून. आवाजाची वेव्ह स्क्रीनवर मोठी करून पाहिली तर टाळाचा जवळजवळ प्रत्येक ठोका ३०-४० मिलिसेकंद आधी पडत होता. ऐकताना घाई जाणवायची ती हीच.

सुरुवातीला सगळंच ग्रिडला, म्हणजे स्क्रीनवरच्या मात्रांच्या समान रेषांना, चिकटवून पाहिलं. टॅबने पुढच्या ठोक्यावर जायचं, शिफ्ट-डब्ल्यूने स्ट्रेच मार्कर (आवाज ताणायची खूण) टाकायचा, रेषेवर ओढायचा. पखवाजाचा जीवच गेला. आमचे पखवाजवाले काका समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) येताना किंचित रेलून, म्हणजे जरा उशिरा, येतात, सगळी गंमत त्यातच आहे. सगळं अनडू केलं. आता पखवाज हाच ग्रिड, बाकीच्यांनी त्याच्यामागे चालायचं.

मग टाळाचा अख्खा ट्रॅक ३५ मिलिसेकंद उशिराकडे सरकवला, एकही तुकडा न करता. निम्म्याहून जास्त काम तिथेच झालं! उरलेल्या डझनभर जागा हाताने केल्या. टाळ ताणायचा नाही, त्याचा घुमारा पाण्याखालून आल्यासारखा होतो. ठोक्याच्या ५ मिलिसेकंद आधी एस दाबून कापायचं, तुकडा सरकवायचा, फट पडली तर दुसऱ्या ठोक्याचा घुमारा कॉपी करून तिथे भरायचा आणि २० मिलिसेकंदांचा क्रॉसफेड (एक आवाज विरत दुसरा चढत जाणारा सांधा) द्यायचा. सांधा कुठे आहे ते मलाही आता सापडत नाही.

एक गोष्ट मात्र जपा. पखवाजाला दोन माइक आहेत, एक शाईकडे (उजव्या तोंडाला), एक कणकेकडे (डाव्या तोंडाला). तिसऱ्या ओळीत एक ठोका खरोखर चुकलाय, तो मी फक्त शाईच्या ट्रॅकवर सरकवला आणि 'धा' एकदम पोकळ झाला. दोन्ही माइकना दोन्ही बाजू ऐकू येतात, त्यामुळे एकच ट्रॅक हलवला की फेज बिघडते, म्हणजे दोन्हींच्या लहरी जुळत नाहीत आणि एकमेकींना खातात. दोन्ही आयटम (ट्रॅकवरचे रेकॉर्डिंगचे तुकडे) निवडून आधी जी दाबून ग्रुप करा, मगच कापा.

पुढच्या रविवारी कोरस. चौघांच्या 'विठ्ठल'मधला 'ठ्ठ' चार वेगवेगळ्या वेळी पडतोय. शब्दाच्या सुरुवातीऐवजी त्या 'ठ्ठ'वरच जुळवून बघणार आहे.