मुठीपर्यंतचा जिना

पुतळा पाहायचा म्हणजे खाली उभं राहून मान वर करायची, एवढंच आपल्याला ठाऊक असतं. मेक्सिकोतल्या मिचोआकान राज्यात, पात्स्क्वारो तळ्यातल्या हानित्सियो बेटावर मात्र पुतळ्याच्या पोटात शिरावं लागतं. बेटाच्या माथ्यावर मेक्सिकोच्या स्वातंत्र्ययुद्धातले सेनानी होसे मारिया मोरेलोस उभे आहेत, 40 मीटर उंच. एक मूठ आभाळात, दुसरा हात तलवारीवर. त्या आभाळातल्या मुठीपर्यंत आतून जिना आहे.

पात्स्क्वारोच्या धक्क्यावरून लाँच सुटते ती भरली की. घड्याळाकडे बघून उपयोग नाही. तिकीट जाण्यायेण्याचं मिळून असतं, ते जपून ठेवावं. तळ्यातून जायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात आणि पुतळा डोळे भरून पाहायचा तो एवढ्याच वेळात. कारण बेटाला लागलं की तो गायब! समोर उरतात घरांच्या भिंती, चढत्या पायऱ्या आणि दोन्ही बाजूंना टपऱ्या. तिथे चारालेस तळत असतात. मांदेलीहूनही लहान मासे. वर लिंबू, तिखट आणि काट्यासकट तोंडात. ते उतरताना खावेत. तळंच दोन हजार मीटरांहून उंचावर आहे, त्यामुळे सह्याद्रीत सहज गड चढणाऱ्यालाही इथे चार पायऱ्यांत धाप लागते. भरल्या पोटी तर विचारूच नका.

माथ्यावर पोचलं, तरी पुतळा सापडत नाहीच. पायथ्याशी उभं राहिलं की दिसतो तो अंगरख्याचा घोळ आणि दगडांमधले सांधे. शिल्पकार गिएर्मो रुइस यांनी 1930 च्या दशकात हे काम केलं, पुढे मेक्सिकोचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या लाझारो कार्देनास यांच्या पुढाकाराने. असल्या चिरेबंदी बांधकामाचा खरा वैरी पाऊस. दगड टिकतो, सांधे झिजतात. सांध्यातून पाणी आत उतरतं आणि आतल्या भिंतींवर तर चित्रं आहेत. रंगाला ओल मानवत नाही.

ती चित्रं रामोन आल्वा दे ला कानाल यांची. भिंतीला धरून जिना फिरत जातो आणि मोरेलोस यांचं आयुष्य सोबत वर चढत जातं. म्हणून दम लागला की थांबावं ते चित्रासमोर. धाप झाकली जाते आणि इतिहासही कळतो. तरुणपणी खेचरं हाकणारा हा माणूस पुढे काराक्वारोचा पाद्री झाला. 1810 मध्ये, स्पेनविरुद्ध बंड पुकारणारे पाद्री इदाल्गो यांच्या सांगण्यावरून दक्षिणेत फौज उभारायला निघाला. 1812 मध्ये क्वाउत्ला शहराला स्पेनच्या बाजूच्या फौजेने घातलेला वेढा त्याने दोन महिन्यांहून अधिक झुंजवला. 1813 मध्ये चिल्पान्सिंगो इथे भरलेल्या बंडखोरांच्या काँग्रेसपुढे तेवीस कलमं मांडली, त्यात गुलामगिरी आणि जातिभेद कायमचे बंद करण्याचं कलम होतं. 22 डिसेंबर 1815 ला एकातेपेकजवळ त्याला गोळ्या घातल्या गेल्या. त्याच्या जन्मगावाचं, वायादोलिदचं, नाव पुढे मोरेलिया झालं.

याच माणसाने ‘हायनेस’च्या तोडीची पदवी नाकारून स्वतःला ‘राष्ट्राचा सेवक’ म्हणवून घेतलं होतं. सेवकाला चाळीस मीटर उंच करायची हौस अर्थात नंतरच्यांची.

खांद्यानंतर जिना अरुंद होतो. पाठीवरची सॅक पोटाशी घ्यावी, वरून कोणी उतरत असेल तर आधी त्याला येऊ द्यावं. मध्येच गाठ पडली, तर एकाला मागे सरकावंच लागतं. उंचीचं भय असणाऱ्याने खांद्यापाशी थांबलं तरी काही बिघडत नाही, चित्रं सगळी पाहून झालेली असतात. मुठीत जेमतेम काही माणसं मावतात. तिथून तळं दिसतं, पलीकडचे डोंगर दिसतात, खालची लाल कौलं दिसतात. मोरेलोस तेवढे दिसत नाहीत.

परतीच्या लाँचीत मागे तोंड करून बसावं. धक्का लांब गेला की कौलांमागून आधी मूठ वर येते, मग डोकं, मग खांदे.