जाम झालेलं पेडल कसं सोडवायचं

पावसाळाभर नाशिकच्या त्र्यंबक रोडला किंवा गंगापूर धरणाकडे फिरलेली सायकल दिवाळीआधी उघडायला घेतली की पेडलपाशी हमखास काम अडतं. पाना लावून सगळा जोर काढला तरी ते हलत नाही. पुष्कळदा दोष गंजाचा नसतोच. आपण पेडल सोडवायच्या ऐवजी आवळत असतो.

डाव्या पेडलला उलटे आटे असतात, उजव्याला सुलटे. पेडल मारताना पायाचा भार पेडलच्या दांड्याभोवती (ज्याच्या टोकाला आटे असतात) फिरत राहतो, आणि सुलटे आटे असते तर डावं पेडल चालता चालता सैल होऊन निघालं असतं. डावं-उजवं पाठ करत बसू नका. पाना दांड्यावर बसवून उभा धरा आणि त्याचं वरचं टोक मागच्या चाकाकडे ओढा. दोन्ही बाजूंना हाच नियम. क्रँकच्या (पेडल ज्यात बसतं त्या दांडीच्या) आतून ऍलन की, म्हणजे षटकोनी टोकाची किल्ली, लावली तरी दिशा हीच.

पाना १५ मिमीचा, पातळ आणि लांब हवा. ॲडजस्टेबल पान्याच्या वाटेला जाऊच नका. तो सटकतो आणि दांड्याचे सपाट पैलू गोल होतात, मग धरायलाच काही उरत नाही. काही पेडलना पैलू नसतातच, फक्त आतून ६ किंवा ८ मिमी ऍलनची खाच असते. त्या खाचेतली माती टाचणीने कोरून काढा. की अर्धीच बसली तर खाच घासून जाते.

आता गंज. क्रँक लोखंडी असेल तर आट्याशी तांबूस गंज दिसतो. क्रँक ॲल्युमिनियमचा आणि दांडा पोलादी असेल तर पांढरी भुकटी दिसते, आणि ही जोडी जास्त चिवट. दोन वेगळे धातू, मध्ये पावसाचं पाणी, की ॲल्युमिनियम झिजून त्याचा थर आट्यात दाटतो. सायकल आडवी ठेवून क्रँकच्या आतल्या बाजूने आट्यांवर गंज सोडवणारं तेल सोडा, बाहेरच्या सांध्यावरही. रात्रभर मुरू द्या, सकाळी पुन्हा. घाई केली तर आट्यांचंच नुकसान.

चेन पुढच्या मोठ्या चक्रावर घ्या. नाहीतर पाना सटकला तर बोटं चक्राच्या उघड्या दातांवर आपटतात. सायकल उभी करा, क्रँक पुढे आडवा आणि पाना मागच्या बाजूला आडवा. दाब खाली द्यायचा. क्रँक उलटा फिरू नये म्हणून मागे असलेल्या दुसऱ्या पेडलखाली विटांची रास किंवा मजबूत स्टूल ठेवा. एकसारखा जोर लावण्यापेक्षा पान्याच्या टोकावर रबरी हातोड्याचे छोटे ठोके जास्त कामाचे. आधी किंचित आवळायच्या दिशेनेही एक ठोका द्या, थर तडकतो. पान्यावर दोनेक फूट पाईप चढवला तर हाताला फारसा जोर लागत नाही.

तरीही नाही? ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं. तेल पुसून क्रँकच्या टोकावर उकळतं पाणी ओता आणि लगेच पाना लावा. कार्बनच्या क्रँकवर हे करू नका.

शेवटचा उपाय मला सगळ्यात खात्रीचा वाटतो: क्रँकच सायकलवरून काढा, पेडलचा दांडा मोठ्या शिकंज्यात (व्हाइसमध्ये) पैलूंवर घट्ट पकडा आणि क्रँक फिरवा. १७ सेंटिमीटरचा क्रँकच तरफ होतो. घरी शिकंजा नसेल तर सातपूर-अंबडच्या एखाद्या वर्कशॉपात जा. क्रँकचे आटे गेलेच तर बुश (धातूची नळी) बसवून नवे पाडता येतात, पण माप ९/१६ इंच, इंचाला २० आटे आणि डाव्या क्रँकला उलटा टॅप (आटे पाडायचं हत्यार), हे तिथे आधीच सांगा. साधा लोखंडी क्रँक असेल तर सरळ नवा घ्या.

पेडल परत बसवताना जुन्या ब्रशने रॉकेल लावून आटे घासा, पूर्ण वाळवा, ग्रीस भरा. पहिले तीन-चार फेरे बोटांनीच. अडलं तर तिरकं बसतंय, मागे घ्या. नंतर पान्याने आवळा: ३५ ते ४० न्यूटन मीटर, म्हणजे २० सेंटिमीटरच्या पान्यावर साधारण १८ ते २० किलोचा दाब. दांड्याच्या टोकावर एल आणि आर कोरलेलं असतं, ते बघूनच डावं-उजवं लावा.